कोंबडा अंगावर येतोय आणि कोंबड्यांचे पाय खरबरीत झालेत – खान्देशातल्या जाणकारांनी सांगावं

अनेरकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. घरामागच्या खळ्यात गावरान कोंबड्या आहेत, पाच माद्या आणि एक कोंबडा. कोंबडा दिसायला देखणा, पण दिवाळीपासून अंगावर यायला लागलाय. सासूबाई दाणे टाकतात, त्यांना काही करत नाही. बाकी कुणीही खळ्यात उतरलं की मागून येऊन पिंडरीवर मारतो. माझी मुलगी सात वर्षांची आहे, ती आता न्हाणीघराकडे जायलाही घाबरते.

दुसरं म्हणजे दोन माद्यांच्या पाठीवरची पिसं पार गेली आहेत, कातडं लालभडक दिसतं. आणि तिसरं, तीन-चार जणींच्या पायांवरचे खवले वर उचलले गेलेत, त्याखाली पांढरट भुकटी साचलीय. एक तर पाय उचलून उचलून चालते. शेजारचे म्हणतात रॉकेल लाव. सासरे म्हणतात कोंबडा बाजारात देऊन टाकू. मला त्याला घालवायचं नाही, पण मुलीच्या जिवाला घोर लावून ठेवायचाही नाही. काय करावं?

पाचोरेकर

ताई, दोन गोष्टी आधी सांगा. कोंबडा किती महिन्यांचा आहे आणि लहानपणी त्याला कुणी वाढवलं? आणि रॉकेल अजिबात लावू नका, त्याबद्दल इथले डॉक्टर सांगतीलच.

अनेरकाठ

पाचोरेकर दादा, वर्षाच्या आतला आहे. त्याची आई मुंगसाने नेली, मग मुलीनेच घरात खोक्यात ठेवून हाताने भरडा खाऊ घालून वाढवला. तिच्या खांद्यावर बसायचा. म्हणून तर तिला जास्त वाईट वाटतं.

गिरणाई

अनेरकाठ ताई, इथेच उत्तर आहे. हातावर वाढलेली कोंबडी प्रेमळ होते, हातावर वाढलेला कोंबडा बरेचदा उलटतो. त्याला माणसाची भीतीच उरलेली नसते. पाच-सहा महिन्यांचा झाला, अंगात नरपणा आला, की तो माणसाला आपल्यातलाच दुसरा कोंबडा समजतो आणि मानासाठी भांडतो. मुलीने काही चुकीचं केलं नाही, हे तिला नक्की सांगा. सासूबाई रोज दाणे टाकतात, न घाबरता त्याच्यातून चालत जातात, म्हणून त्यांच्या वाटेला जात नाही.

मी चाळीसगावकडची. लग्न होऊन आले तेव्हापासून कोंबड्या पाळते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कोंबडा अंगावर येण्याआधी सांगून येतो. मानेची पिसं फुगवतो, एक पंख खाली सोडून तिरका तिरका नाचतो, जमिनीवर उगाच चोच मारतो, आणि मग दोन्ही पाय पुढे करून उडी घेतो. तो पंख खाली आला की तिथेच थांबायचं, तोंड त्याच्याकडे ठेवायचं. पळायचं नाही, पळालं की तो जिंकला. लाथही मारायची नाही. एक तर त्याचा पाय मोडतो, दुसरं म्हणजे लाथ हे त्याच्या भाषेत लढाईचं आमंत्रणच आहे, तो आणखी चवताळून येतो. खळ्यात जाताना हातात सूप किंवा घमेलं धरा. उडी घेतली तर ते मध्ये धरायचं, मारायचं नाही. तो दमून बाजूला झाला की त्याच्याच दिशेने दोन पावलं शांतपणे पुढे जायचं. तो मागे सरकेपर्यंत आपण पाठ फिरवायची नाही.

रात्री तो दांडीवर बसला की अंधारात अलगद उचला, पंख दाबून काखेत धरा आणि मान खाली टाकून शांत होईपर्यंत घेऊन बसा. रोज घरातल्या वेगवेगळ्या मोठ्या माणसाने हे करावं. तेवढ्यात पायही तपासून होतात, आणि ते फार महत्त्वाचं आहे. ज्याचे पाय दुखतात, अंगावर किडे आहेत, ज्याची रात्रीची झोप होत नाही, तो पक्षी चिडचिडाच असणार. स्वभाव वाईट म्हणून शिक्का मारण्याआधी पाय आणि खुराडं बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

आणि माद्यांच्या पाठी! पाच माद्यांना एक कोंबडा फार होतो. आठ-दहा माद्यांमागे एक नर हे साधारण प्रमाण आहे. माद्या कमी असल्या की तो त्याच त्या दोघींवर चढतो, नखांनी पिसं उपटली जातात, मग कातडं. त्या दोघींना काही आठवडे त्याच्यापासून वेगळं ठेवा. जुन्या जाड चादरीचा तुकडा कापून पाठीवर झूल शिवता येते, पंखाखालून नाडी घ्यायची. घट्ट नको, आणि उन्हाळ्यात तर दिवसभर अजिबात नको.

शिरपूरचा शेतकरी

गिरणाईंचा अनुभव मोठा आहे, तरी माझं मत वेगळं. घरात लहान पोर असेल तर माणसावर उठणारा कोंबडा ठेवू नये. लहान मुलाचं तोंड त्याच्या उडीच्या टप्प्यात असतं, डोळा गेला तर काय करणार? आणि हा गुण रक्तातूनही उतरतो. अशा कोंबड्याच्या अंड्यांची पिल्लं काढली की पुढच्या वर्षी तसेच दोन-तीन निघतात. आमच्याकडे वडिलांपासून एकच नियम आहे, शांत कोंबडा बीजाला, तापट रश्श्याला. हे निर्दयपणाने सांगत नाही. शांत कोंबडे मिळतात, भरपूर मिळतात.

गिरणाई

शिरपूरच्या दादांचं बीजाबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. त्याची अंडी उबवणीला ठेवू नका. पण पहिल्याच वर्षाचा, हातावर वाढलेला कोंबडा आहे. एवढा पावसाळा वाट बघा. तोवर मुलीने एकटीने खळ्यात जायचं नाही, यावर तडजोड नको.

पांझरेकाठचा

ताई, मन्ही माय सांगस, कोंबडाले लाथ मारू नको, तो आखो चिडस. पयू नको, त्याना पुढे उभी राय. आनि पोरेसले एकलं सोडू नको.

पशुवैद्य_धुळे

पायांबद्दल लिहितो.

वर्णनावरून हा खवल्यांच्या किड्याचा त्रास वाटतो. निमिडोकॉप्टिस म्युटन्स नावाचा अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारा किडा खवल्यांखाली पोखरत जातो. त्याची विष्ठा आणि मेलेलं कातडं साचून खवले उचलले जातात, पांढरी खपली धरते. पुढे बोटं वाकडी होतात, कधी झडतातही. एकीकडून दुसरीकडे अंगाला अंग लागून पसरतो, म्हणून चार जणींना दिसत असला तरी उपाय सगळ्यांवर करायचा, कोंबड्यावरही.

उपाय सोपा आहे, चिकाटी मात्र लागते. कोमट पाण्यात साधा साबण कालवून पाय दहा मिनिटं बुडवून ठेवा. मऊ ब्रशने खवल्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, हलकेच घासा. उचललेले खवले ओढून काढायचे नाहीत, रक्त येतं आणि जखम चिघळते. पाय कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन खवल्यांच्या फटीत जाईल असं चोळून लावा. तेलाने किड्याची हवा कोंडते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा, असं निदान महिनाभर करा. एकदा लावून सोडलं तर खवल्यांखाली उरलेले किडे पुन्हा तेच करतात. खराब झालेले खवले लगेच सुंदर होणार नाहीत, ते पुढच्या पिसं गळण्याच्या वेळी बदलतात. म्हणून दिसण्यावरून निराश होऊ नका. खाली कातडं मऊ आणि गुलाबी झालं की उपाय लागू पडला असं समजा.

रॉकेल, डिझेल, गाडीचं जळकं ऑइल यातलं काहीही नको. कातडं भाजतं, आणि पक्षी पाय चोचीने साफ करतो तेव्हा ते पोटात जातं. त्रास जास्त पसरला असेल तर आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध देता येतं, पण मात्रा वजनावर ठरते आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही पाळावं लागतं. ते दवाखान्यात दाखवूनच. गाडी हवी असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं.

लंगडणाऱ्या कोंबडीचा तळवा उलटा करून बघा. मधोमध काळी खपली आणि भोवती सूज असेल तर ते वेगळं दुखणं आहे, मला कळवा.

आणि आजींसाठी एक सूचना. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वृद्ध बाईंचं प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. अंडी गोळा करताना कोंबड्याने पायावर चोच मारली, ती नेमकी फुगलेल्या शिरेवर बसली आणि रक्तस्रावाने त्या गेल्या. असं क्वचितच होतं, पण पायांच्या शिरा फुगलेल्या असतील त्यांनी खळ्यात पाय झाकूनच जावं. कोंबड्याच्या पायामागच्या काट्याची जखम खोल आणि अरुंद असते. ती साबणाने भरपूर वेळ धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे ना ते डॉक्टरांना विचारा.

अनेरकाठ

डॉक्टरसाहेब, खूप आभार. तळवा पाहिला. तुम्ही म्हणता तशीच काळी खपली आहे, हरभऱ्याएवढी. दाबलं की पाय ओढून घेते.

सातपुडा_पायथा

ताई, तुमच्याकडे कापूस असतो का? आमच्या यावल भागात मी हे दरवर्षी बघतो. पऱ्हाटी उपटतात किंवा कापतात, आणि जे खुंट राहतात ते टोकदार असतात. कोंबड्या दिवसभर त्यातून फिरतात. खळ्याला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असेल तर काटे पसरलेले असतातच. काटा टोचला, वरून कातडं मिटलं, आत पू धरला. बाहेरून फक्त काळा ठिपका दिसतो. दुसरं कारण दांडी. उंच दांडीवरून टणक जमिनीवर रोज उडी मारली की जड कोंबडीचे तळवे फुटतात. गिरिराज, वनराज या सुधारित जातींना हा त्रास गावरानपेक्षा जास्त, कारण वजन.

मी केलेलं सांगतो. दांडी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आणली. गोल बारीक बांबू काढून दोन इंच रुंदीची चपटी फळी लावली, कडा तासून गोल केल्या. कोंबडी झोपताना तळवा टेकवून बसते, तिला फांदीसारखं काही घट्ट धरून बसायची गरज नसते. आणि रुंद फळीवर थंडीत बोटं पोटाखाली झाकली जातात. दांडीखाली भाताचं तूस किंवा गव्हाचा भुसा जाड अंथरला. खळ्यातले खुंट आणि काटे लोखंडी दाताळ्याने ओढून काढले. तळव्याची दुखणी जवळजवळ थांबली.

पशुवैद्य_धुळे

सातपुडा_पायथा यांनी कारण अचूक सांगितलं. अनेरकाठ ताई, आत बहुतेक स्टॅफिलोकॉकस जंतू असतात, तेच माणसाच्या जखमेतही वाढतात. म्हणून हातमोजे घालूनच हाताळा. कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून पाय शेकवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वर मऊ कापसाची गादी ठेवून पट्टी बांधा आणि तिला कोरड्या भुशावर वेगळी ठेवा. पट्टी रोज बदला. सूज उतरत नसेल, गरम लागत असेल, किंवा पाय वरपर्यंत सुजत असेल तर घरी ब्लेड चालवू नका. आतली गाठ घट्ट असते, ती काढणं दवाखान्याचं काम.

वेगळी ठेवा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. लंगडीला बाकीच्या टोचतात.

नवापूरची

डॉक्टर म्हणतात ते अगदी खरं. कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते, कोण आधी खाणार, कोण कुठे बसणार. १९२० च्या दशकात नॉर्वेच्या थोर्लिफ शेल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्या बघून बघूनच ती मांडली. आजारी पडली की ती सरळ तळाला जाते. आणि रक्त दिसलं तर सगळ्या मिळून तिथेच चोच मारतात, मारूनही टाकतात. जखमेवर दवाखान्यातून मिळतं ते जांभळं औषध लावा, लाल रंग झाकला जातो.

माद्या-माद्यांच्या भांडणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कारणं बहुतेक आपणच देतो. एकच पाण्याचं भांडं, एकच दाण्याची पाटी, जागा कमी. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकीला निदान दोन चौरस फूट हवंच. वैशाखात तर विचारूच नका. पारा पंचेचाळीसला गेला की सावली आणि पाणी यांसाठीच मारामारी. तीन-चार ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, खुराड्यावर ओलं गोणपाट टाका. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

नवी कोंबडी बाजारातून आणून थेट सोडू नका. आमच्या नवापूरने २००६ मध्ये बर्ड फ्लू पाहिलाय, देशातली पहिली साथ इथेच आली, २०२१ मध्ये पुन्हा. ज्यांनी फार्मच्या फार्म रिकामे होताना पाहिले त्यांना विचारा वेगळं ठेवणं म्हणजे काय. नवीला दोन-तीन आठवडे लांब ठेवा, पाय-तळवे-पिसं तपासा. मग आठवडाभर जाळीच्या पलीकडे, दिसेल पण टोचता येणार नाही अशी. मग रात्री दांडीवर बसवा. एकटी आणण्यापेक्षा दोघी आणाव्या, मार वाटला जातो.

खुडूक कोंबडी किंवा पिल्लांवरची आई अंगावर आली तर तो राग नव्हे, तिचं कामच आहे ते. तिला तसंच राहू द्या.

पाचोरेकर

पिसं उपटून खाणाऱ्या कोंबड्यांना बहुधा प्रथिनं कमी पडतात. नुसती ज्वारी आणि मक्याचा भरडा पुरत नाही. पण आपल्याकडे घरोघरी असते म्हणून सरकीची ढेप घालू नका. तिच्यात गॉसिपॉल असतं, अंड्यातला बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि पक्ष्यालाही बाधतं. सोयाबीनची पेंड चांगली. शेंगदाण्याची ढेप चालते, पण बुरशी लागलेली नको, ते विषच आहे.

अनेरकाठ

सगळ्यांचं वाचून काढलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणतात कोंबड्याच्या पायामागचे काटे कापून टाकले तर? आणि एक गोष्ट आज लक्षात आली. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायलाच बघत नाहीत, लिंबाच्या झाडावर चढतात.

पशुवैद्य_धुळे

काट्याच्या आत जिवंत हाड असतं आणि त्यात रक्त असतं, वरचं फक्त नखासारखं टरफल. बुडातून कापलं तर रक्त थांबत नाही आणि हाडाला जंतू लागतो. गरम बटाटा खोचून टरफल पिळून काढायची रीत काही जण सांगतात, तीही करू नये, खालचा कोवळा भाग उघडा पडतो. आधी तेल लावा, मग बारीक कानशीने फक्त टोक बोथट करा. एकाने धरायचं, एकाने घासायचं. माद्यांच्या पाठीही त्याने वाचतील. पुढच्या बोटांची नखंही तशीच घासा.

झाडावर चढतात हे फार उपयोगाचं सांगितलंत. आज रात्री दहानंतर बॅटरी घेऊन खुराड्यात बघा. दांडीच्या खाचा, भिंतीच्या भेगा, खिळ्यांची भोकं, दारामागची फट. चपट्या करड्या गोचिडी दिसतील, किंवा मिठाच्या कणाएवढे लालसर किडे. दोन्ही दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी धरून बघितलं तर अंगावर काही सापडत नाही. ही गोचीड आपल्या कोरड्या उष्ण हवेत फार वाढते आणि महिनोन्महिने उपाशी राहू शकते. तिच्यामुळे तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, ताप येतो, हिरवी विष्ठा होते आणि पायातली ताकद जाते. लंगडण्याचं ते आणखी एक कारण.

सातपुडा_पायथा

गोचीड निघाली तर खुराडं एका दिवसात पूर्ण रिकामं करा ताई. लाकडी दांड्या बाहेर काढून उकळतं पाणी ओता. मातीच्या भेगा लिंपून घ्या आणि वरून चुना मारा. फवारायचं औषध डॉक्टरांना विचारून, कापसावर मारायचं उरलेलं औषध चुकूनही नको.

अनेरकाठ

निघाल्या. दांडीच्या खाचेत रांगच होती. सासऱ्यांनी स्वतः पाहिलं, आता तेच खुराडं सोडवायला बसलेत. कोंबड्याच्या पंखाखालीही चावल्याचे लाल डाग आहेत. त्याला मोठ्या डाल्याखाली वेगळा ठेवलाय, मुलीने लांबूनच पाणी दिलं.

गिरणाई

बिचारा. रात्रभर रक्त पिऊ देऊन दिवसा शहाण्यासारखं वागायचं कसं त्याने? खुराडं साफ झाल्यावरही सूप-घमेल्याचा नियम चालूच ठेवा हं. सवय लागली आहे, ती उतरायला वेळ लागेल. आणि माद्या वाढवता आल्या तर बघा, नवापूरच्या ताईंनी सांगितलं त्याच रीतीने.

शहादा_कडकनाथ

चांगली चर्चा. माझी भर. कडकनाथचे पाय काळे असतात, त्यामुळे खवल्यांखालची पांढरी भुकटी लवकर दिसते, त्याचा फायदा घ्या. दुसरं, पावसाळ्यात आपली काळी माती बोटांना चिकटते, वाळून गोळे होतात आणि नख आत अडकतं. ते ओढून काढू नका, नखासकट निघतं. कोमट पाण्यात भिजवून विरघळू द्या. तिसरं, सुतळी, गोणपाटाचा धागा, बायकांचे विंचरलेले केस बोटांभोवती गुंडाळतात आणि आवळत जाऊन बोट काळं पडतं. लंगडणाऱ्या कोंबडीच्या बोटांच्या बेचक्यात बारीक धागा आहे का ते भिंग लावून बघा, बारीक कात्रीने कापा.

माझा प्रश्न डॉक्टरांना. दहा दिवसांच्या पिल्लांपैकी तिघांची बोटं आत मुडपली आहेत, घोट्यावर बसून सरकतात. मोठ्यांना काही नाही. हाही किडाच का?

पशुवैद्य_धुळे

नाही, या वयात बोटं आत वळणं हे बहुतेक वेळा ब-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण. नुसता मक्याचा चुरा देत असाल तर पिल्लांचं खाद्य सुरू करा आणि ब गटाची जीवनसत्त्वं पाण्यातून द्या. लवकर दिलं तर पिल्लं सुधारतात, उशीर झाला तर बोटं तशीच राहतात. खाली वर्तमानपत्र अंथरलं असेल तर ते काढून गोणपाट टाका, गुळगुळीत जमिनीवर पाय फाकतात. मात्र एखादं थोडं मोठं पिल्लू एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडत असेल तर मॅरेक्स या विषाणूच्या रोगाचा संशय घ्यावा लागेल, मान वाकडी होऊन पटापट मरत असतील तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. तसं दिसलं तर एकही पक्षी विकू नका, कुणाला देऊ नका, आधी दवाखान्यात कळवा. खाद्य काय देता आणि पिल्लं कुठून आणली तेवढं लिहा, मग पुढचं सांगतो.